ओढीचा हिशेब

नौदलाच्या ताफ्यात टगबोट कशाला ठेवायची, यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. बंदरातल्या टगबद्दल वाद नाही. विमानवाहू जहाज धक्क्याला लावायचं, पाणबुडीचं तोंड अरुंद जागेत फिरवायचं, गोदीत आग लागली तर पाण्याचा मारा करायचा, ही कामं रोजची आहेत. आपल्या नौदलासाठी २५ टन ओढीच्या अशा टग कोलकात्याच्या आणि भरूचच्या कारखान्यांत बांधल्या गेल्या, ५० टनी विशाखापट्टणमला. वाद आहे तो खुल्या समुद्रात ताफ्याच्या मागून जाणाऱ्या मोठ्या टगबद्दल. जखमी जहाजाला दोर लावून शेकडो मैल ओढत आणणं हे तिचं काम, आणि असं काम वर्षानुवर्षं निघत नाही. मग ती बांधायची, सांभाळायची, तिच्यावर माणसं ठेवायची कशाला? या प्रश्नाच्या दोन्ही बाजू समोरासमोर याव्यात म्हणून इथे दोघांना बोलतं केलं आहे. एक हिशेबनीस, म्हणजे खर्चाला कारण मागणारा. दुसरा तांडेल, म्हणजे दोराच्या टोकाला काय घडतं हे जाणणारा. दोघेही काल्पनिक आहेत. ते ज्या घटनांवर भांडतात त्या मात्र खऱ्या आहेत.

हिशेबनीस: तांडेल, मी आकड्यांपासून सुरुवात करतो. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकेने नावाजो नावाची ताफ्याची टग बांधली आणि मग त्याच धर्तीवर साठहून अधिक टग पाण्यात सोडल्या. लांबी २०५ फूट, यंत्रांची ताकद ३,००० अश्वशक्ती, माणसं ऐंशीच्या वर. त्याच नौदलातली पिट्सबर्ग ही क्रूझर १,२०,००० अश्वशक्तीची. चाळीसपट! १९ मार्च १९४५ला जपानच्या किनाऱ्याजवळ फ्रँकलिन हे विमानवाहू जहाज बाँबने पेटलं, यंत्रं बंद पडली, तेव्हा त्याला ओढायला पिट्सबर्गच धावली आणि दुसऱ्या दिवशी फ्रँकलिन स्वतःच्या यंत्रांवर चालूही लागलं. लांब कशाला जा, आपलंच उदाहरण घ्या. १९७१ साली रशियन क्षेपणास्त्र नौका आल्या त्या कलकत्त्याला उतरवाव्या लागल्या, कारण तेवढं वजन उचलणारी क्रेन मुंबईत नव्हती. तिथून नौदलाच्या जहाजांनी त्या ओढत मुंबईला आणल्या. याच प्रवासातून कल्पना निघाली, की या नौकांच्या इंधनाचा आवाका थोडा असला तरी ओढत नेलं तर त्या कराचीपर्यंत मारा करू शकतील. डिसेंबरमध्ये कराचीवर जे हल्ले झाले त्यांच्या मुळाशी हा दोर होता, पण त्याच्या टोकाला टग नव्हती. लढाऊ जहाजाला ओढता येतं, हे आपल्याच इतिहासाने सिद्ध केलंय. मग खास ओढण्यासाठी वेगळं जहाज कशाला?

तांडेल: साहेब, तुमचे आकडे बरोबर आहेत, फक्त चुकीच्या रकान्यात पडलेत. टगची ताकद अश्वशक्तीत मोजत नाहीत. तिला धक्क्यावरच्या खुंट्याला बांधतात, यंत्रं पूर्ण जोरात चालवतात आणि दोरावर किती टनांचा ताण येतो ते पाहतात. याला बोलार्ड पुल म्हणतात. या मोजमापात जहाज जागचं हलत नाही, आणि टगचं मर्म त्यातच आहे. क्रूझरचा पंखा तीस-बत्तीस नॉट वेगासाठी घडवलेला असतो. तीन नॉटने वीस हजार टनांचं मढं ओढायला लावलं, की खंबाटकी घाटात भरलेला ट्रक वरच्या गिअरमध्ये चढवावा तशी तिची गत होते. टगचा पंखा व्यासाने मोठा, सावकाश फिरणारा, कमी वेगात पाण्याला घट्ट धरणारा. नावाजोच्या धर्तीवरच्या टगमध्ये डिझेल इंजिनं थेट पंख्याला जोडलेली नव्हती. ती वीज तयार करत आणि विजेची मोटर पंखा फिरवे. डिझेल इंजिनाला अगदी संथ फिरताना जोर टिकवता येत नाही, विजेच्या मोटरला येतो, आणि एखादं इंजिन बंद पडलं तरी बाकीची चालू राहतात. पुढच्या पिढीत पंख्याभोवती कडं आलं. लुडविग कॉर्ट या जर्मन अभियंत्याने १९३०च्या दशकात रूढ केलेल्या या कड्यामुळे तेवढ्याच इंजिनात जागच्या जागी मिळणारी ओढ बरीच वाढते. वेग वाढला की मात्र हा फायदा ओसरतो. म्हणजे टग बांधणारा माणूस जाणूनबुजून वेग सोडून ओढ घेतो. लढाऊ जहाज बांधणारा नेमकं उलट करतो. एका पंख्यात दोन्ही बसत नाहीत.

आता दोर कुठे बांधतात ते पाहा. क्रूझरला दोर लावायचा तर तो अगदी पिछाडीला लावावा लागतो. मागे हजारो टनांचं ओझं, ते पिछाडीला एका जागी खिळवून ठेवतं. सुकाणू कितीही फिरवा, पिछाडी सरकत नाही म्हणून नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, तेही वळत नाही. टगवर दोर निघतो तो जहाजाच्या मध्यापासून थोडा मागे, जिथून वळताना जहाज स्वतःभोवती फिरतं त्या जागेजवळ. त्यामुळे पिछाडी मोकळी राहते आणि ओझं ओढतानाही ती वळू शकते. म्हणून टगची मागची अर्धी फळी बुटकी, सपाट आणि रिकामी असते. तिथे काही अडकू नये, दोराला डावी-उजवीकडे फिरायला जागा मिळावी. याची किंमतही आहे. दोर एका कुशीला गेला आणि ओझं पुढे सरकलं, तर तेच ओझं टगला आडवं पाडून उलथवू शकतं. म्हणून दोर क्षणात सोडून देण्याची सोय ठेवावी लागते आणि कधी सोडायचा हे जाणणारा माणूस ठेवावा लागतो. शेवटी दोर. दोन इंच जाडीची पोलादी तार, दोन हजार फुटांच्या आसपास. ती ताणून सरळ धरत नाहीत. दोन जहाजांच्या मध्ये ती स्वतःच्या वजनाने पाण्यात झोळ धरते. लाटेवर एक जहाज वर आणि दुसरं खाली गेलं की आधी झोळ कमी होतो आणि झटका त्यात विरतो. झोळ पुरेना झाला तर ताण ओळखणारं चक्र आपणहून तार सोडतं आणि मग गुंडाळून घेतं. क्रूझरवर ना हे चक्र, ना ही तार. पिट्सबर्गने फ्रँकलिनला ओढलं हे खरं. एक दिवस ओढलं. रस्त्यावरच्या अपघातात कुणाच्याही गाडीतून माणूस दवाखान्यात नेता येतो. म्हणून कुणी रुग्णवाहिका बंद करत नाही.

हिशेबनीस: बांधणीची बाजू मान्य करतो. पण रचना चांगली असणं वेगळं आणि ती कामी येणं वेगळं. मला युद्धातला पुरावा द्या. आणि देताना मिडवेची लढाई विसरू नका. ४ जून १९४२ला यॉर्कटाउन हे विमानवाहू जहाज जबर जखमी झालं. दुसऱ्या दिवशी व्हिरिओ तिथे पोचली, तिने दोर लावला. टग हजर होती! तरी यॉर्कटाउन ७ जूनच्या पहाटे बुडालंच. वर त्याच्या शेजारी उभी असलेली हॅमन ही विनाशिकाही गेली.

तांडेल: मिडवेचं नाव तुम्ही काढलंत हे बरं झालं. व्हिरिओ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरुंग काढण्यासाठी बांधलेलं जहाज होतं, हजार टनांहूनही हलकं. त्याच्या मागे सुमारे २५ हजार टनांचं विमानवाहू जहाज, तेही एका कुशीवर कललेलं आणि पाणी भरलेलं. दोन-तीन नॉटच्या वर वेग निघेना. ६ जूनला दुपारी जपानी पाणबुडीने त्यांना गाठलं. नुसता दोर लावणं म्हणजे ओढणं नव्हे, हा त्याचा अर्थ आहे. नाव टगचं आणि जोर सुरुंगशोधकाचा असेल, तर ते जहाज मदत नसून आशा असतं. चार महिन्यांनी दुसरा धडा मिळाला. २६ ऑक्टोबरला सांताक्रूझच्या लढाईत हॉर्नेट निकामी झालं, तेव्हा नॉर्दम्प्टन या क्रूझरने त्याला ओढायला घेतलं, म्हणजे तुमचाच उपाय केला. दुपारी जपानी विमानं पुन्हा आली आणि दोर बांधलेल्या क्रूझरपुढे दोनच पर्याय उरले: दोर सोडून स्वतःचा बचाव, किंवा दोघांचाही घात. दोर सुटला. हॉर्नेटवर आणखी मारा झाला आणि शेवटी ते जपान्यांच्या हातून बुडालं.

आता तिसरा प्रसंग, ऑक्टोबर १९४४चा, फोर्मोसाच्या, म्हणजे आजच्या तैवानच्या किनाऱ्याजवळचा. १३ तारखेला कॅनबेरा आणि १४ला ह्यूस्टन, दोन क्रूझरना विमानांतून सोडलेले टॉर्पिडो लागले. शत्रूचे विमानतळ हाकेच्या अंतरावर, मित्रांचं सुरक्षित पाणी उलिथीला, हजारएक मैलांपलीकडे. दोन्ही जहाजं स्वतःच बुडवून टाकावीत का, असा विचार झाला होता. पहिल्या रात्री विचिटा आणि बॉस्टन या क्रूझरनी दोर घेतले. इथे तुमची क्रूझर कामी आली, मी नाकारत नाही. पण लगेच मन्सी आणि पॉनी या ताफ्याच्या दोन टग पोचल्या, त्यांनी ओझी आपल्याकडे घेतली आणि क्रूझर पुन्हा लढायला मोकळ्या झाल्या. १६ तारखेला ह्यूस्टनला दुसरा टॉर्पिडो लागला, पिछाडीला आग भडकली. पॉनीने दोर सोडला नाही. आम्ही तुमच्याजवळ उभे आहोत, असा निरोप तिने दिला आणि ती ओढत राहिली. २७ ऑक्टोबरला दोन्ही जहाजं उलिथीला पोचली. मिडवे, सांताक्रूझ, फोर्मोसा. पहिल्यात टग होती पण दुबळी, दुसऱ्यात जोर होता पण टग नव्हती, तिसऱ्यात दोन्ही होतं.

या ठिकाणी हिशेबनीस हरला असं वाटेल, पण वाद खरा तर इथून सुरू होतो. टग लागते हे सिद्ध झालं म्हणजे टगवर केलेला खर्च योग्य ठरतो असं नाही. वाचवलेल्या जहाजाची पुढे काय किंमत झाली आणि वाचवताना काय गमावलं, हेही मांडायला हवं. तांडेलाने तीन प्रसंग सोयीने निवडले असतील, ही शंका रास्त आहे आणि ती हिशेबनिसाच्या तोंडून पूर्ण जोराने ऐकणं आवश्यक आहे.

हिशेबनीस: मग ताळेबंद दोन्ही बाजूंनी मांडू. तुमच्या ह्यूस्टनचं पुढे काय झालं? ते अमेरिकेला नेलं, दुरुस्त केलं, आणि त्याने पुन्हा एकही लढाई पाहिली नाही. १९४७ला ते सेवेतून निवृत्त झालं. इतक्या माणसांचे जीव टांगणीला लावून वाचवलेलं जहाज युद्धाच्या उपयोगी पडलं नाही. आता दुसरी बाजू. ज्या नावाजोच्या नावाने हा वर्ग ओळखला जातो, ती १२ सप्टेंबर १९४३ला एस्पिरितू सांतोजवळ पेट्रोलची बार्ज ओढत असताना पाणबुडीच्या टॉर्पिडोने बुडाली. सेमिनोल २५ ऑक्टोबर १९४२ला ग्वाडलकॅनालपाशी जपानी विनाशिकांनी बुडवली. नॉसेट १९४३च्या सप्टेंबरमध्येच इटलीत सालेर्नोच्या चढाईत गेली. ओढणारं जहाज सावकाश चालतं, सरळ चालतं, मागे दोन हजार फूट तार घेऊन चालतं. यापेक्षा सोपं सावज कोणतं? आणि ही जुनी गोष्ट नाही. जून २०२२मध्ये स्नेक आयलंडकडे निघालेली वासिली बेख ही रशियन टग युक्रेनच्या क्षेपणास्त्रांनी बुडवली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मोस्कवा ही क्रूझर, रशियाच्याच निवेदनानुसार, ओढून नेत असताना वादळात बुडाली. आजचं क्षेपणास्त्र बसलं की जहाज एकतर बुडतं किंवा स्वतः परत येतं. मधली अवस्था उरलीय कुठे?

तांडेल: ह्यूस्टनबद्दल तुमचं खरं आहे, ते मी लपवणार नाही. पण त्याच्याबरोबर ओढलेल्या कॅनबेराचं पानही उलटा. ते पुढे क्षेपणास्त्रवाहू क्रूझर झालं, व्हिएतनामपर्यंत सेवेत राहिलं आणि १९७० साली निवृत्त झालं. दोर लावताना कोणाला ठाऊक होतं की यातलं एक लढेल आणि एक नाही? हा हिशेब त्या रात्री मांडता येत नाही, आणि मांडायला बसलं तर दोन्ही बुडतात. शिवाय वाचवलेलं जहाज ही एकच जमेची बाजू नाही. टग आल्यामुळे विचिटा आणि बॉस्टन मोकळ्या झाल्या. टग नसती तर चार क्रूझर लढाईबाहेर गेल्या असत्या: दोन जखमी आणि दोन त्यांना बांधलेल्या. ही जमा कोणत्याच खातेवहीत दिसत नाही, कारण जी क्रूझर अडकली नाही तिची नोंद कोण करतो?

टग बुडतात, तेही खरं. पण तुम्ही दिलेल्या यादीतच उत्तर आहे. नावाजो तेव्हा पेट्रोलची बार्ज ओढत होती. म्हणजे टग जखमी क्रूझरची वाट पाहत बसलेली नव्हती. पॅसिफिकभर तरत्या गोद्यांचे तुकडे, तेलाच्या बार्ज, तराफे, सगळं या टगच ओढत होत्या. खुद्द पिट्सबर्गचंच पाहा. जून १९४५च्या वादळात तिची नाळ तुटून वेगळी झाली. समुद्रात तरंगणारी ती नाळ ओढून ग्वामला कोणी आणली? मन्सीनेच. आणि या जहाजांचं आयुष्य किती? रेनो ही जखमी क्रूझर ओढून आणणारी झुनी युद्धानंतर अमेरिकन तटरक्षक दलात तामारोआ नावाने गेली, १९९१च्या अटलांटिकमधल्या प्रचंड वादळात तिने माणसं वाचवली आणि १९९४ला निवृत्त झाली. पन्नास वर्षं. लुइसेनो नावाची दुसरी एक अर्जेंटिनाने घेतली, तिचं नाव ठेवलं फ्रान्सिस्को दे गुरुचागा. मे १९८२मध्ये ब्रिटिश पाणबुडीने बेलग्रानो क्रूझर बुडवली, ३२३ माणसं गेली. गार दक्षिण अटलांटिकमध्ये तराफ्यांवर तरंगणाऱ्या शेकडो खलाशांना उचलणाऱ्या जहाजांत हीच गुरुचागा होती. तिथे ओढायला जहाज उरलंच नव्हतं, तरी टग उपयोगी पडली. राहिली तुमची मधली अवस्था. १२ ऑक्टोबर २०००ला एडनच्या बंदरात कोल या विनाशिकेला स्फोटकांनी भरलेल्या नावेने भगदाड पाडलं. १७ खलाशी मेले, पण जहाज ना बुडालं, ना स्वतः चाललं. २९ तारखेला कॅटाबा या टगने ते बंदराबाहेर ओढलं, तिथे ते ब्लू मार्लिन या अवजड वाहतुकीच्या जहाजावर चढवून घरी नेलं, आणि दीड वर्षात ते पुन्हा समुद्रावर आलं. मधली अवस्था आजही आहे. ओढणारा नसला की ती दिसत नाही, कारण तेव्हा तिचं रूपांतर बुडण्यात होतं. मोस्कवाबद्दल तुम्ही म्हणता तेच मी म्हणतो: वादळात ओढणं हे सगळ्यात अवघड काम, म्हणून त्यासाठी सगळ्यात सवयीची माणसं लागतात.

हिशेबनीस: कॅटाबाचं नाव तुम्ही घेतलंत, आता मी ते वापरतो. कॅटाबा लढाऊ नौदलाची नव्हतीच! १९७०च्या दशकाअखेर अमेरिकेने पौहाटन वर्गाच्या सात नव्या टग बांधल्या, तेलविहिरींवर माल पोचवणाऱ्या व्यापारी जहाजांच्या धर्तीवर. जुन्या टगवर ऐंशीहून अधिक माणसं लागत, इथे सोळा नागरी खलाशी आणि संदेशवहनासाठी चार नौसैनिक. ओढ पन्नास टनांच्या वर, म्हणजे कामात उणं काही नाही. तोफा नाहीत, गणवेश नाही आणि कोल ओढून आणायला काही अडलं नाही. मग आणखी एक पाऊल पुढे टाका. समुद्रात कितीतरी खाजगी टग आहेत. काम पडेल तेव्हा भाड्याने घ्या. रशियाचं ॲडमिरल कुझ्नेत्सोव्ह हे विमानवाहू जहाज दूरवर निघायचं तेव्हा मागून फिनलंडमध्ये बांधलेली, अडीचशे टनांच्या आसपास ओढीची निकोलाय चिकर ही टग चालायची आणि जग हसायचं. टग सोबत घेणं म्हणजे आपल्याच यंत्रांवर भरवसा नसल्याची कबुली.

तांडेल: नागरी खलाशी? मान्य. मनापासून मान्य. टग चालवायला तोफेची नव्हे, दोराची समज लागते आणि ती गणवेशातून येत नाही. चिकरवर हसणाऱ्यांनी मात्र एवढा विचार करावा, की ज्याच्याकडे बंद पडणारी यंत्रं आहेत पण मागे टग नाही, त्या नौदलाला काय म्हणायचं? राहिलं भाडं. १६ मार्च १९७८ची सकाळ पाहा. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ अमोको काडिझ या तेलवाहू जहाजाचं सुकाणू बिघडलं. पॅसिफिक नावाची खाजगी जर्मन टग मदतीला आली. दोर लागला, पण सोबत कराराची घासाघीसही चालू होती: कोणत्या अटींवर, किती पैशांना. दोर तुटला. पुन्हा लावला, तोही पुरला नाही. एवढ्या वजनाला त्या टगचा जोरच कमी होता. रात्री नऊच्या सुमारास जहाज खडकांवर चढलं आणि दोन लाख टनांहून अधिक तेल किनाऱ्यावर पसरलं. सकाळी दहा ते रात्री नऊ, जवळजवळ अकरा तास हातात होते. टग खाजगी होती म्हणून हे झालं, असं मी म्हणत नाही. जवळ पुरेशा ओढीची, आधीच ठरलेली, आधीच पैसे मोजलेली टग नव्हती म्हणून झालं. फ्रान्सने हाच अर्थ काढला. पुढच्याच वर्षी त्याने अबेय फ्लांद्र ही ताकदवान टग ब्रेस्टला उभी केली. मालकी खाजगी, खलाशी खाजगी, हुकूम मात्र नौदलाचा आणि तैनाती कायमची. ब्रिटननेही १९९३च्या ब्रेअर या तेलवाहू जहाजाच्या दुर्घटनेनंतर चार टग तैनात केल्या आणि पुढे खर्च वाचवायला सप्टेंबर २०११मध्ये ती सोय जवळजवळ मोडली. तो निर्णय ऑक्टोबर २०१०मध्ये जाहीर झाला. दोनच दिवसांत ब्रिटनची नवी अणुपाणबुडी ॲस्ट्यूट स्कायच्या बेटाजवळ रुतली आणि तिला ओढायला आली ती यातलीच एक, अँग्लियन प्रिन्स.

हिशेबनीस: आणि त्या ओढाओढीत त्या टगने पाणबुडीलाच धक्का देऊन इजा केली. तेही सांगा की!

तांडेल: सांगतो. तेलवाहू जहाजांसाठी ठेवलेल्या टगला पाणबुडी हाताळायला लावली. जी मिळाली ती वापरली, कारण पाणबुडीची सवय असलेली त्या वेळी जवळ नव्हती. भाड्याने मिळणारी टग म्हणजे हीच अडचण. ती मिळते, पण आपल्याला हवी तशी आणि हवी तेव्हा मिळेलच असं नाही.

हिशेबनीस: मग मुद्दा रंगाचा नाही, मालकीचाही नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं, कारण आपल्या दारातच तसा दाखला आहे. जून २०११. विस्डम हे भंगारात निघालेलं जहाज कोलंबोहून अलंगला टगच्या मागे चाललं होतं. मुंबईजवळ दोर तुटला आणि जहाज वाहत जाऊन जुहूच्या वाळूत बसलं. पुढच्या महिन्याच्या अखेरीस पवित नावाचं, खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेलं जहाज अरबी समुद्र ओलांडून त्याच किनाऱ्याला लागलं. लोक बघायला गेले, फोटो काढले. पण ते जहाज तेलाने भरलेलं असतं तर? आणि १७ मे २०२१ला तौक्ते वादळात मुंबई हायवर पी-३०५ या निवासी बार्जचे नांगर सुटले आणि ती बुडाली. २६१ माणसांपैकी सत्तरहून अधिक गेली. वरप्रदा ही टगही बुडाली, तिच्यावरच्या तेरांपैकी दोघेच वाचले. त्याच वादळात कुलाब्याच्या उत्तरेला भरकटलेल्या गाल कन्स्ट्रक्टर बार्जवरच्या १३७ जणांची सुटका झाली, त्या कामात सरकारने आणीबाणीसाठी भाड्याने घेतलेली वॉटर लिली ही टगही होती. बाकीच्यांना उचलायला नौदलाच्या कोची आणि कोलकाता या विनाशिका गेल्या. तुमचा मुद्दा इथे मला पटतो, तांडेल, पण अर्धाच. वादळ अंगावर आल्यावर कितीही टग असून उपयोग नाही. वरप्रदा टगच होती. टगचा खरा वेळ वादळाच्या आधीचा आणि ती वादळाच्या आधीच कोणाच्या तरी हुकमाखाली असायला हवा.

तांडेल: अर्धा नव्हे, साहेब. माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलात.

इथे दोघांचं एकमत झालं असं दाखवणं सोपं आहे, पण ते खोटं ठरेल. हिशेबनिसाची एक शंका शेवटपर्यंत उभी राहते आणि राहावी. रुग्णवाहिकेची तुलना छान वाटते, पण शहरात रुग्णवाहिका रोज धावते, समुद्रात जखमी क्रूझर रोज भेटत नाही. उपयोग दुर्मीळ असला की जबाबदारीही हळूहळू विरळ होते. ब्रिटनमध्ये हेच घडलं. एखाद्या मोठ्या दुर्घटनेनंतर टग ठेवायच्या आणि काही वर्षं काही झालं नाही की त्या अनावश्यक ठरवायच्या. नव्या पिढीच्या बाबतीत अमेरिकेलाही टगची तयारी टिकवणं जमलेलं नाही. पौहाटनच्या जागी २६३ फूट लांबीच्या नव्या टग बांधायचं ठरलं, त्यांतल्या पहिलीला पुन्हा नावाजो हेच नाव दिलं, आणि बांधणी नियोजित वेळेच्या मागे पडत गेली. ज्या नौदलाने टगचं महत्त्व रक्त सांडून शिकून घेतलं, त्यालाही शांततेच्या काळात ते आठवणीत ठेवणं जड जातं.

म्हणून या वादातून निघणारा निष्कर्ष टग किती असाव्यात हा नाही. टगचं मूल्य ती किती वेळा वापरली यावर ठरवणं चुकीचं आहे, कारण तिची सगळी रचनाच न हलता ओढण्यासाठी केलेली आहे आणि तिची सेवाही बव्हंशी न हलता वाट पाहण्याची आहे. मोठा पंखा, मध्याजवळचा दोर, झोळ धरणारी तार, यांतलं काहीही संकटाच्या क्षणी दुसऱ्या जहाजात घालता येत नाही आणि करारही संकटाच्या क्षणी सुरू करून वेळेत पुरा होत नाही. या दोन गोष्टी आधीच असाव्या लागतात. मालक कोण, खलाशाच्या अंगावर कोणता गणवेश, हे दुय्यम आहे. ब्रेस्ट आणि एडनने ते दाखवून दिलं. हिशेबनिसाच्या वहीत टगच्या खर्चासमोर जमेचा रकाना हवाच असेल तर त्यात वाचवलेली जहाजं लिहू नयेत, ती क्वचितच असतील. तिथे तास लिहावेत. यंत्र बंद पडलेलं जहाज किनाऱ्यावरच्या प्रत्येक ठिकाणापर्यंत किती तासांत वाहत येईल आणि पुरेशा ओढीची टग तिथे किती तासांत पोचेल. अमोको काडिझजवळ अकरा तास होते. रत्नागिरीसमोर, मालवणसमोर, मुंबई हायच्या विहिरींभोवती किती असतील, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की टग हवी की नको हा वाद संपतो आणि कुठे उभी करायची हा प्रश्न उरतो.